चढावरचं वजन

डहाणूला माझ्या शेजारी एक निवृत्त बाई राहतात, शाळेत शिकवायच्या. बोलतात कमी, आणि बोलल्याच तर त्यांच्या जुन्या जीपबद्दल. दोन्ही अ‍ॅक्सल बदलायचे, आतले गिअरही दुसरे बसवायचे. "वेग कमी होईल, पण चढावर दमणार नाही," असं वर्षभर मला कुंपणापलीकडून सांगत होत्या. चढ चढून जायचंय कुठे, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्याकडे कुणी आलेलंही मी पाहिलं नव्हतं.

तलासरीच्या मेकॅनिकने अखेर ते काम केलं. रविवारी सकाळी बाई फाटकाशी आल्या.

"मेकॅनिक म्हणतो, वजन घालून चढावर चालवून बघा. वजन म्हणून बसशील का गं?"

मागे रेतीच्या दोन गोणी आधीच ठेवलेल्या होत्या. मी पुढे बसले.

कैनाडच्या पुढे चढ लागला. जीप सावकाश, पण न कुरकुरता चढत होती. "आवाज येतो का, लक्ष दे," असं म्हणून बाई स्वतःच वरपर्यंत बोलत राहिल्या. दारातल्या चिकूबद्दल, दुखऱ्या गुडघ्याबद्दल, हल्ली न लागणाऱ्या झोपेबद्दल. माथ्यावर त्यांनी थर्मास काढला आणि दोन कप.

चहा संपल्यावर म्हणाल्या, "खाली जाऊन पुन्हा चढू या. मला नीट ऐकू आलं नाही."

पुन्हा चढलो. गाडीत काहीच खोट नव्हती.

"मागून बारीक घरघर येतेय," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी परत बघावं लागेल."

बाईंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"हो," त्या म्हणाल्या, "मलाही आली."