कराना तळ्यावर कावळा शोधताना

कतारमध्ये तेल मिळतं, गॅस मिळतो, हल्ली अळूची पानंही मिळतात. कावळा मात्र मिळत नाही. असेल कुठेतरी, पण अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये सात वर्षांत एकही फिरकलेला नाही. हे लक्षात यायचं कारण माझ्या सासूबाई. बाबा, म्हणजे माझे सासरे, गेल्यानंतरचा हा पहिला पितृपक्ष आणि त्यांची तिथी नेमकी शनिवारी, सुट्टीच्या दिवशी. "घास शिवायला कावळा हवा," आई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी तो सुपरमार्केटातून आणणार होते.

घरात आधीच एक विषय धुमसत होता. माझ्या नवऱ्याने, समीरने, नाशिकच्या घराला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. आईंनी आता कायमचं इथेच राहावं, असं त्याचं म्हणणं. आई हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. विषय निघाला की उठून कोथिंबीर निवडायला बसायच्या. त्या महिन्यात आमच्याकडची कोथिंबीर फार स्वच्छ होती.

तेवढ्यात ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "कराना लगून को जाओ, वहाँ सब टाइप के बर्ड्स आते हैं." झालं! पाणी तिथे पक्षी आणि पक्षी तिथे कावळा, हे माझं गोदाकाठचं गणित. ते वाळवंटाला लागू पडेल का, हा विचार शिवला नाही.

शनिवारी पहाटेच खीर, भरड्याचे वडे, अळूची भाजी असा सगळा स्वयंपाक झाला. श्राद्धाचा घास खरं तर दुपारचा. पण सप्टेंबरातल्या इथल्या दुपारी उघड्यावर उभं राहिलो असतो तर आमचीच पानं वाढायची वेळ आली असती. आईंनी नाइलाजाने सकाळची परवानगी दिली. साडेपाचला निघालो. साल्वा रोड नाकासमोर सरळ, गर्दी नाही. साधारण तासाभराचा प्रवास. वाटेत एके ठिकाणी करक चहा घ्या, पुढे काही मिळत नाही. शेवटचा रस्ता खडीचा आहे, पण आमच्या साध्या गाडीने कुरकुर केली नाही. कुरकुर मागच्या सीटवर होती: "ममा, व्हाय आर वी टेकिंग आजोबाज लंच टू अ लेक?" आमची दहा वर्षांची आर्या.

आणि मग, मैलोगणती पिवळ्या मातीनंतर, एकदम निळं पाणी! काठाने पुरुषभर उंच बोरू, त्यात चिवचिवाट. समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी, गुलाबी, एका पायावर, रांगेत. मी तर हरखूनच गेले. आर्याने दुर्बीण डोळ्याला लावली आणि तिची मोजदाद सुरू झाली. शेकाट्या दिसल्या, बगळे दिसले, बदकं दिसली. दर वेळी आई विचारत, "काळा आहे का गं?" आणि आर्या म्हणे, "नो आजी. नॉट अ क्रो."

"पाणकावळा चालेल का?" समीरने विचारलं.

"नुसत्या नावाने भागत नाही," आई म्हणाल्या.

मी उगाच आईंना सांगून बसले की पूर्वी इथे शहराचं सांडपाणी टाकत, मग सगळं उपसून, साफ करून, बोरू लावून हे तळं उभं केलं. आईंनी तत्काळ पदर नाकाला लावला. थोड्या वेळाने तो हळूच खाली केला, हुंगून पाहिलं. "वास नाही येत हो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा रोहितांकडे बघू लागल्या.

तिथल्या रखवालदाराला, पेशावरकडच्या खानसाहेबांना, मी धीर करून विचारलंच. ते डब्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

"कौआ? मॅडम, लोग यहाँ फ्लेमिंगो देखने आते हैं. कौआ किसको चाहिए?"

"इनके पापा को," मी समीरकडे बोट दाखवलं.

सगळं समजावल्यावर ते गंभीर झाले. "अम्माजी, अंदर खिलाना मना है. गेट के बाहर रख लो. बाद में उठा लेना, बस."

गेटबाहेरच्या एकुलत्या एका बाभळीखाली पान मांडलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. खिरीवर साय धरली. आमच्याकडे घास शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं समजतात आणि ती ओळखून मोठ्याने शब्द द्यायचा असतो. समीर पुढे झाला. "बाबा, आईची काळजी करू नका. इथे तिला काही कमी पडू देणार नाही." काही नाही. मी खिरीत वेलदोडा जास्त झाल्याची माफी मागितली. आर्या म्हणाली, "आजोबा, आय विल लर्न मराठी. प्रॉपरली."

"त्यांचा विश्वास बसला नसेल," समीर पुटपुटला.

मग आईंनी हात जोडले. "अहो, घर मी विकू देणार नाही. दिवाळीच्या आत जाऊन दार उघडते. आता तरी जेवा."

तेवढ्यात बाभळीवरून दोन साळुंक्या खाली आल्या आणि सरळ वड्यावर तुटून पडल्या. कतारात त्यांना तोटा नाही.

"आई," समीर घसा खाकरून म्हणाला, "साळुंकी आहे ती."

"मला दिसतंय. तू ऐकलंस ना?"

आम्ही पान, द्रोण सगळं उचलून आणलं होतं, तुम्हीही आणा. जमल्यास डिसेंबरात जा, हवा छान असते. प्रवेशाला आम्हाला पैसे पडले नाहीत, तरी निघण्यापूर्वी चौकशी करून घ्या. कावळा हवा असेल तर मात्र दुसरीकडे बघा.

खरं सांगू? मला वाईट वाटलं. आईंना स्वतंत्र खोली दिली होती, देवांचा कोपरा मांडून दिला होता, आर्याचा लळा होता. एवढं असूनही त्यांना जायचंच होतं. आणि ते सांगायला त्यांना साठ किलोमीटर लांब येऊन, गेलेल्या माणसाशी बोलावं लागलं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, ते त्यांना सांगता आलं नव्हतं. हे मला अजून टोचतं.

घरी आल्यावर समीरने बाल्कनीत जाऊन त्या गिऱ्हाइकाला फोन केला. दोनच मिनिटं बोलला. मग लॅपटॉप घेऊन आईंच्या शेजारी बसला.

"आई, खिडकीची सीट घेऊ?"

"कुठलीही घे," आई म्हणाल्या, "पण लवकरची घे."