धुराड्यावरचा ध्रुव

दगडवाडीत लाईट गेली की लोक आधी सहादेवतात्याला शिव्या देतात आणि मग बॅटरी शोधतात. हा क्रम कधी चुकत नाही. वारं सुटो, वानर तारेवर उडी मारो, नाहीतर कुणी आकडा टाकताना दोन तारांची गाठ घालून देवो, फोन तात्याच्याच खिशात वाजतो.

"तात्या, मुद्दाम घालवली ना?"

तात्या गावचा वायरमन. मुद्दाम त्यानं लाईट कधीच घालवली नव्हती. एकदाही नाही. माणसाला कशाचा तरी ताठा असतो. कुणाला जमिनीचा, कुणाला पोराच्या नोकरीचा. तात्याला याचा होता. गावाला तो ताठा मान्य नव्हता, ही गोष्ट वेगळी. गावाच्या मते तात्याच्या घरी एक गुप्त बटण होतं, आणि भाजी अळणी झाली की तो ते दाबायचा.

आता तात्या थकला होता. गुडघे पायऱ्या चढतानाच कुरकुरायचे, पोलचं तर विचारायलाच नको. रिटायर व्हायला थोडेच दिवस उरले होते, पण पोल काही उरायचे थांबत नव्हते. रात्री झोपेतसुद्धा त्याचा हात खिशाकडे जायचा. बायको रतनबाई म्हणायची, "अवो, फोन न्हाई वाजला. झोपा." तो झोपायचा आणि तेवढ्यात फोन वाजायचा.

चांदण्यांचा नाद त्याला या नोकरीनंच लावला. लाईनीवर चढायचं तर सबस्टेशनकडून परमिट घ्यावं लागतं. म्हणजे, मी वर चढतोय, लाईन बंद ठेवा. काम झालं की खाली उतरायचं आणि फोन करायचा, परमिट परत. मग तिकडून लाईन सोडतात. या घेण्यात आणि देण्यात किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. तेवढा वेळ तात्या काळोखात बसायचा. खाली सगळं गाव मोबाईलच्या उजेडात त्याच्या नावानं बोटं मोडत असायचं, आणि वर आभाळ चांदण्यांनी भरलेलं असायचं. बघायला वर एकटा तात्या.

आईनं लहानपणी दाखवलेली म्हातारीची बाज, म्हणजे सप्तर्षी, आणि मृगातलं तिकांडं एवढंच त्याला ठाऊक होतं. बाकीचं त्यानं स्वतःच्या अकलेनं रचलं, आणि तिथं घोटाळा झाला. उत्तरेला, उसाच्या शेंड्यांच्या वर, एक ठळक, किंचित तांबूस चांदणी होती. बाकीच्या फिरायच्या, ही जागची हलायची नाही. तात्यानं ठरवलं, हाच ध्रुव. पारावर बसून त्यानं तो साऱ्या गावाला दाखवला. लग्नात नवरानवरीला ध्रुव दाखवायचा असतो तेव्हा भटजी इकडेतिकडे बघायला लागले, तर तात्या मांडवातून बोट करून मोकळा व्हायचा. दोन-चार संसार त्या बोटावर उभे आहेत.

मग प्रणिता मॅडम आल्या. संगमनेरकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आलेल्या. त्यांच्याकडे आकाशाची फिरती चकती होती. तारीख आणि वेळ जुळवली की कुठं काय आहे ते दाखवणारी. एका संध्याकाळी शाळेचा मीटर बघायला गेलेल्या तात्यानं ती पाहिली आणि त्याचा जीव तिच्यात अडकला. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "काका, तुम्हाला ध्रुव ओळखता येतो?"

"येतो म्हंजी? तो काय." तात्यानं बोट केलं.

मॅडमनी बोटाच्या दिशेनं बघितलं. चकतीकडे बघितलं. परत बोटाकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काका, त्याच्या बाजूनं धूर निघतोय."

ती साखर कारखान्याच्या चिमणीवरची बत्ती होती.

तात्याला मग एकेक आठवायला लागलं. हा ध्रुव फक्त गळीत हंगामात दिसायचा. पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की ध्रुवही बंद. तात्या म्हणायचा, उन्हाळ्यात धुरळा असतो, पावसाळ्यात ढग. सगळ्या आयुष्याचं पोट ज्याच्यावर, तो दिवा, आणि वायरमनला दिवा ओळखू आला नाही! गाव आठवडाभर हसलं. तो गेला की पोरं ओरडायची, "तात्या, ध्रुवाचा बल्ब गेलाय, बदला!" खरा ध्रुव मॅडमनी दाखवला तो अगदीच फिका निघाला. तात्या म्हणाला, "यवढाच?" पण पुढे तो नेमानं चकती मागून आणायला लागला. चुकायचा, परत विचारायचा. मॅडमही न कंटाळता सांगायच्या.

रतनबाईला या सगळ्यात काही गोडी नव्हती असं घरात सगळे धरून चालले होते. विचारलं कुणीच नव्हतं. खरं असं होतं, की गावात काळोख पडायचा तेव्हा नवरा पोलवर असायचा, आणि नवरा घरी असायचा तेव्हा गावात उजेड असायचा. दोघांनी मिळून चांदणं कधी बघितलंच नव्हतं. त्यात भर म्हणून घरासमोरच्या चौकात हायमास्टचा उंच, पांढरा दिवा बसला. तोही तात्यानंच जोडला. त्या दिवशी त्याला हार घातला, पेढा दिला. त्या दिवसापासून दगडवाडीच्या आभाळात चंद्र सोडून काही दिसेनासं झालं.

यंदा दसऱ्यानंतर धूमकेतू आला. मॅडमनी बचत गटाच्या बैठकीत बायकांना सांगितलं. दिवस मावळला की पश्चिमेला दिसतो, थोडेच दिवस आहे, रोज फिका होत चाललाय, एकदा गेला की परत यायला हजारो वर्षं. रतनबाई घरी आली, पीठ मळायला बसली आणि मळता मळता म्हणाली, "ती शेपटीची चांदणी मला दावा."

तात्या भाकरीची वाट बघत होता. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. या बाईनं लग्न झाल्यापासून कधी जत्रा मागितली नव्हती, लुगडं मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "दावतो की."

"कवा? आता न्हाई बगितली तर ऱ्हायलीच म्हनायची."

बोलणं सोपं होतं. चौकात हायमास्ट, आणि गावाबाहेर जावं तर चहूकडे दोन पुरुष उंच ऊस आणि त्यात बिबट्या. दिवस कलल्यावर बाईमाणूस मळ्यात जात नव्हतं, पुरुष गेले तर चौघं मिळून, ते पण मोठमोठ्यानं गप्पा मारत. राहिलं घराचं पत्र्याशेजारचं धाबं, म्हणजे वरची सपाट गच्ची. तिथून मावळती मोकळी होती, पण डोळ्यांवर हायमास्ट.

तात्या उपसरपंच छगनकडे गेला.

"दहा मिन्टं चौकातला दिवा बंद करू या का? लोकंबी बघतील."

छगन म्हणाला, "तात्या, बिबट्या काय घड्याळ लावून येतो का? तेवढ्यात कुनाचं शेरडू नेलं तर?"

"चौकात तर सगळे उभे असत्याल."

"आन ती शेपटीवाली दिसली की गावावर कायतरी येतं म्हनत्यात."

"यायचं ते येऊन उसात बसलंय."

छगन हसला. मग डोळा मारून म्हणाला, "तुमच्याच हातात हाय की वो सगळं. घालवा की मुद्दाम. तुमाला काय नवीन?"

तात्या घरी आला. रतनबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ताट वाढायला घेतलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तीन संध्याकाळी तशाच गेल्या. हायमास्टच्या फ्यूजपेटीची किल्ली त्याच्याच खिशात होती. ती खिशात ठेवून तो ओट्यावर बसायचा, हायमास्टकडे बघायचा. फ्यूज ओढायला किती वेळ लागतो? पण एकदा ओढला की साऱ्या गावाचं म्हणणं खरं. मग उरलेल्या दिवसांत कुठल्या तोंडानं सांगायचं, मुद्दाम न्हाई घालवली म्हणून? आणि नाही ओढला तर ही बाई आतमध्ये भांडी घासतेय. भांड्यांचा आवाजसुद्धा नेहमीसारखाच येत होता, हेच त्याला जड जात होतं.

चौथ्या दिवशी मॅडम रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "काका, आता आज-उद्याच. नंतर नुसत्या डोळ्यांनी नाही दिसायचा."

त्या संध्याकाळी दिवेलागणीला तात्यानं किल्ली बाहेर काढली. ओट्यावरून उठला. आणि हायमास्ट गेला. चौक गेला. देवळातला स्पीकर अभंगाच्या मधोमध गप्प झाला. सगळं गाव गेलं.

तात्या किल्लीकडे बघत राहिला. त्यानं तर काहीच केलं नव्हतं.

फोन वाजला. वरच्या मळ्यात बाभळीची फांदी तारेवर पडली होती. तात्या आतल्या दिशेनं बघत म्हणाला, "मला जावं लागतंय." आतून आवाज आला, "जावा की. रोजचंच हाय." त्यानं मोटारसायकलला किक मारली. बारा महिन्यांत गावाला एवढा नेमका काळोख कधी मिळाला नसेल, आणि तो तेवढ्यात गाव सोडून निघाला होता.

मळ्यात दोन गडी आधीच उभे होते, बिबट्यासाठी डबा बडवत. तात्यानं सबस्टेशनवरच्या अंगदला फोन करून परमिट घेतलं, कमरेचा पट्टा आवळला आणि चढला. गुडघ्यांनी काय म्हणायचं ते म्हटलं. फांदी कापून खाली टाकली, सुटलेली तार ओढून बांधली. काम फार नव्हतं. आता उतरायचं आणि अंगदला सांगायचं.

उतरण्यासाठी त्यानं एक पाय खाली सोडला आणि सहज मान वळवली. तो उसाच्या वर होता. मावळतीला अजून तांबूस कड होती. शुक्राची चांदणी ठसठशीत. आणि तिच्या उजव्या हाताला, बरीच वर, कुणी ओल्या बोटानं पाटी पुसावी तशी एक फिकट रेघ.

तात्यानं पाय परत वर घेतला. घरी फोन लावला.

"धाब्यावर जा."

"आता? अंधारात?"

"अंधारातच जायचंय. मावळतीकडं तोंड कर."

जिन्यावरची तिची पावलं, तिचा दम ऐकू येत होता. मध्येच कानात टूं टूं वाजायला लागलं. छगनचा फोन. तात्यानं घेतला नाही.

"आले. काय बगू?"

"शुक्राची चांदणी दिसती?"

"दिसती."

"तिच्या उजव्या अंगाला सरक."

कानात परत टूं टूं. मग रतनबाई एकदम म्हणाली, "दिसली वो! दिसली! तांबडी हाय व्हय?"

तात्यानं उत्तरेला मान वळवली. फार उजवीकडे गेली होती ती, पार उत्तरेपर्यंत. कारखान्याचा बॉयलर दसऱ्यालाच पेटला होता, आणि कारखान्याला वीज स्वतःची.

खाली गडी म्हणाला, "तात्या, झालं का?" कानात टूं टूं. 'हा, तीच' म्हटलं की झालं. बाई खूष, गाव खूष, गुडघे खूष. तिला कोण सांगायला जाणार होतं?

"ती न्हाई," तात्या म्हणाला. "ती आपली चिमणी. माझा ध्रुव."

तिकडून रतनबाई हसली. एवढ्या मोठ्यानं, की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मागं ये. चांदणीपाशी. आता हळूहळू उजवीकडं. वर बघ, लई वर. येकदम बगू नको, जराशी बाजूला नजर ठिव."

"तात्या!" खालून परत हाक आली. "गावातनं फोनवर फोन येत्यात!"

"वरच हाय मी अजून," तात्या ओरडला. आणि ते खरं होतं. माणूस पोलवर असेपर्यंत लाईन सोडायची नाही, हा नियम. त्यानं नियम मोडला नाही. तो फक्त उतरला नाही. पट्ट्याला रेलून, दुखता पाय हातानं चोळत, फोन खांद्यात धरून तो तसाच लटकून राहिला. अंगदचा फोन आला, तोही वाजून थांबला.

तिकडे रतनबाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"अवो," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "व्हय. हाय."

"कशी हाय?"

"फिकी हाय. चुलीतनं राख उडावी तशी." थोड्या वेळानं म्हणाली, "तुमाला दिसती का तितनं?"

"दिसती."

मग दोघंही काही बोलले नाहीत. फोनचे पैसे जात नव्हते, पण एरवी न बोलता फोन धरायची दोघांना सवय नव्हती. शेवटी तीच म्हणाली, "उतरा आता. लोकं बोंबलत्यात. भाकरी झाकून ठिवलीय."

तात्या उतरला. खाली टेकल्यावर जरा वेळ पोलला धरून उभा राहिला. मग अंगदला फोन केला, परमिट परत. क्षणभरानं लांब दगडवाडीच्या जागी एक पांढरा डाग उमटला आणि गावातून ओरडा आला, "आली!" तात्यानं वर बघितलं. ऊस आडवा आला होता.

परतताना चौकात छगन उभा होता, हायमास्टखाली, हात कमरेवर.

"काय तात्या, यवढा येळ? फांदी होती का वडाचं झाड? मुद्दाम घालवली हुती ना?"

तात्यानं गाडी थांबवली. एक पाय टेकवला, तो दुखला म्हणून दुसरा टेकवला.

"घालवली न्हाई," तो म्हणाला. "आनली मात्र मुद्दाम उशिरा."

छगन खदखदून हसला. "तुमी बी ना तात्या," म्हणाला, आणि घरी टीव्ही बघायला निघून गेला.