तिसरा भाग राहिला

टाळ्या पडल्या नाहीत म्हणून कलावंत रुसतात असं ऐकलं होतं. मला मात्र त्या संध्याकाळच्या टाळ्या आठवल्या की अजून डोक्यात तिडीक जाते. मेल्यांनी हात दुखेपर्यंत वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनीच घात केला.

आमचे हे मिलिटरीच्या बँडमध्ये होते. क्लॅरिनेट वाजवायचे. सासरी सगळे ऊसवाले आणि फौजी. थोरले दीर पायदळातून सुभेदार होऊन गावी परतलेले, पदकांचा डबा कपाटात जपून ठेवलेला. धाकटा भाऊ फौजेत काय करत होता असं कुणी विचारलं की हसून सांगायचे, "पिपाणी वाजवत हुता." लग्न होऊन आले तेव्हापासून हेच ऐकत आले. हे हसून सोडून द्यायचे. मला नाही जमलं. कित्येक भाकऱ्या मी त्या रागात थापल्यात.

रिटायर झाल्यावर आम्ही साताऱ्यात राहायला आलो. पुण्यात एक पाश्चात्त्य संगीताचा वाद्यवृंद होता. व्हायोलिनवाली पोरंपोरी पुष्कळ, पण फुंकून वाजवणारी माणसं मिळेनात. जुन्या ओळखीतून ह्यांना बोलावणं आलं. रविवारी एसटीनं तालमीला जायचे आणि पोरासारखे खुशीत परत यायचे. मग सांगलीला कार्यक्रम ठरला. शेवटची रचना तीन भागांची, आणि तिच्या तिसऱ्या भागात सगळी वाद्यं थांबून ह्यांची एकट्याची क्लॅरिनेट वाजणार होती. ते कळल्यावर ह्यांनी स्वतःहून भावाला फोन केला. "दादा, एकदा ऐकायला ये." उभ्या आयुष्यात भावाकडं काही मागितलं नव्हतं, ते हे मागितलं.

घरी ऐकून ऐकून ते सूर मला पाठ झाले होते. कुकरची शिट्टी झाली की हे थांबायचे, आणि शिट्टी विरली की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा कुकर लावायचाच सोडला आणि पातेल्यात डाळ शिजवली.

दीर आले. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा, माझ्या शेजारी परेडला बसल्यासारखे ताठ. पुढच्या रांगेत हळदीचे व्यापारी होते, त्यांनीच कार्यक्रमाला पैसे दिले होते. मागून एक बाई सारखी विचारत होती, "गाणारी कुठं हाय?" पडदा वर गेला आणि वाद्यवृंदाचा संचालक हातात छडी घेऊन आमच्याकडं पाठ करून उभा राहिला.

"ह्यो पाठमोरा का उभा?" दीर कुजबुजले. "सायेब हाय का त्येंचा?"

"व्हय भाऊजी. त्येंच्या इशाऱ्यावर वाजवायचं असतंय."

"मग बराबर हाय," ते म्हणाले. हुकूम देणं-घेणं त्यांच्या ओळखीचं होतं.

सुरुवातीला लोकांनी वैताग आणला. मोबाईल वाजत होते, मोठा नगारा घुमला तशी एकानं शिट्टी घातली, कुणी वेफर्सची पाकिटं फोडत होतं. पण खोटं कशाला बोलू, शेवटच्या रचनेचा दुसरा भाग सुरू झाला, अगदी संथ, आणि सगळं सभागृह गप झालं. हळदवालेसुद्धा. दिरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"लय ग्वाड हाय गं," ते म्हणाले. "आपल्याचं कवा?"

"आता ह्येच्या फुडं. सगळी थांबतील आन एकटे वाजवतील."

ते पुढं सरकून बसले. आयुष्यभर पिपाणी म्हणणारा माणूस कान टवकारून बसला होता.

दुसरा भाग संपला. दोन भागांच्या मधे वाजवणारे जरा थांबतात आणि ऐकणारे शांत बसतात, हे मला ह्यांनीच सांगितलेलं. संचालकानं घाम पुसला, पोरांनी पानं उलटली. ह्यांनी क्लॅरिनेट ओठांशी नेली. तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि निवेदक माइक घेऊन मंचावर हजर!

"वा, वा! कान तृप्त झाले, रसिकहो!"

प्रमुख पाहुणे नुकतेच येऊन पोचले होते आणि त्यांना पुढं एका लग्नाला जायचं होतं. भराभर दिवे लागले. संचालक बिचारा दोन्ही हात हलवून सांगत होता, अजून आहे, अजून आहे. निवेदकाला वाटलं हा लोकांना अभिवादन करतोय. त्यानं उलट हात जोडले.

मग सत्कार. पाहुण्यांचा, व्यापाऱ्यांचा, संचालकाचा. शाल, श्रीफळ, फोटो. शेवटी, "आपल्या मातीतले माजी सैनिक" म्हणून ह्यांना पुढं बोलावलं. सगळं सभागृह उभं राहिलं. "भारत माता की जय!" संध्याकाळभरातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या ह्या. नारळ घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून ह्यांनी क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवली. देशसेवा म्हणता, अरे, त्यांची देशसेवा तीच, खुर्चीवर ठेवलीय ती! ऐका की दोन मिनिटं! असं मी ओरडले, पण माझा आवाज माझ्याच कानावर आला नाही. शेजारी दीर जिवाच्या आकांतानं टाळ्या पिटत होते.

तरी मला आशा होती. सत्कार उरकला की वाजवतील. पण निवेदक म्हणाला, राष्ट्रगीतानं सांगता करू या. संपलं. राष्ट्रगीत झाल्यावर कार्यक्रम पुढं चालत नाही, आणि फौजी माणूस तर तसा विचारही करणार नाही. हे खांद्यावर शाल घेऊन सगळ्यांबरोबर राष्ट्रगीत वाजवत राहिले. दीर सावधान उभे. भावाची क्लॅरिनेट त्यांनी ऐकली ती अशीच, बाकीच्यांत मिसळलेली.

बाहेर चहाच्या गाड्यापाशी दिरांनी भावाला मिठीच मारली. "आज नाव काढलंस गड्या!"

"दादा, माझं वाजवायचं ऱ्हायलं," हे म्हणाले.

"आरं, ऱ्हाऊ दे की! सत्कार झाला न्हवं?"

मी मधे पडले. "भाऊजी, साताऱ्याला घरी चला. मी चहा करीस्तवर वाजवून दावतील."

"आता आनि कशाला?" दीर म्हणाले. टोमणा नव्हता तो. गडी खरंच खूश होता, डोळे भरून आले होते त्याचे. ह्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवायला घेतले.

तो फोटो आता गावच्या घरात दारासमोरच टांगलाय. शाल, नारळ, पाहुण्यांचं हसू, सगळं आलंय. क्लॅरिनेट नाही, ती मागं खुर्चीवर. कुणी विचारलं की दीर अभिमानानं सांगतात, "माझा भाऊ. मिलिटरीत हुता." आता पिपाणी म्हणत नाहीत. वाजवण्याचं नावच काढत नाहीत. इतकी वर्षं ज्या शब्दानं माझा जीव जळला, तो परत ऐकायला मिळाला तर बरं, असं मला वाटतं. पिपाणी म्हणायचे तेव्हा हा माणूस काहीतरी वाजवतो, एवढं तरी घरात कबूल होतं.