हेमाक्कानं आमदारांपुढे कापलेली काकडी

बेंगळुरूच्या पीण्यातल्या एका कारखान्यात हेमावती जगताप सव्वीस वर्षं लेथवर काम करत होती. मशीनचा आवाज जरा बदलला, की कुठे काय बिघडलंय ते तिला न पाहता कळायचं. पाच वर्षांपूर्वी भाचीचा मोडका ड्रोन तिनं हौसेनं दुरुस्त केला आणि तिथून तिला त्याचं वेडच लागलं. दर रविवारी ड्रोन उडवणाऱ्या हौशी मंडळाबरोबर ती मैदानावर हजर असायची. सगळे तिला हेमाक्का म्हणत.

मग मैदानांवर ड्रोनला सरसकट बंदी घालायची की काय, हे ठरवायला आमदारांची समिती बसली. समितीनं मंडळाला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं.

मंडळाचा सचिव उल्हास मूळचा पुण्याचा, बेळ्ळंदूरला आयटीत. त्यानं आधीच बजावलं, "अक्का, फक्त चांगलं तेवढं दाखवायचं. रिस्कचा विषयच नको."

"आणि त्यांनीच विचारलं तर?"

"टाळायचं."

निघताना हेमावतीनं पिशवीत तीन काकड्या टाकल्या.

समितीपुढे तिनं ड्रोन उडवला, हवेत खिळवून ठेवला, हातातल्या रुमालावर अलगद उतरवला. आमदारांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षा शकुंतलाबाई तेवढ्या हलल्या नाहीत.

"माझ्या भागात एका मुलीच्या गालाला हे पातं लागलं. सात टाके पडले," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ते फारच रेअर असतं..." उल्हासनं सुरुवात केली.

"लागतं, मॅडम. कसं ते दाखवते," हेमावती म्हणाली.

तिनं ड्रोन टेबलाला घट्ट बांधला, पाती सुरू केली आणि चिमट्यात काकडी धरून पुढे केली. खर्रकन चकत्या उडाल्या. एक तर उल्हासच्या शर्टावर चिकटली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

हेमावतीनं ड्रोन बंद केला. स्वतः बनवलेली जाळी पात्यांभोवती बसवली आणि पुन्हा चालू केला. दुसरी काकडी जाळीवर दाबली. काकडीला ओरखडासुद्धा नाही.

आता शकुंतलाबाई उठल्या. "स्वल्प, जरा इकडे द्या," म्हणत तिसरी काकडी त्यांनी स्वतः जाळीवर रेटून पाहिली.

"ही जाळी तुमच्यात किती जण लावतात?"

"निम्मे. बाकीच्यांना तुम्ही भाग पाडा. बंदी घातलीत तर लोक चोरून उडवतील, आणि तेही जाळीशिवाय."

शकुंतलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "एवढं खरं सांगणारं इथं पहिल्यांदाच कुणी आलंय."

दोन महिन्यांनी समितीचा अहवाल आला. बंदीची शिफारस नव्हती. उडवायला ठरावीक मैदानं आणि प्रत्येक ड्रोनला जाळी सक्तीची. मंडळात थोडी कुरकुर झाली. उल्हासही कुरकुरला, "वजन वाढतं, अक्का. बॅटरी लवकर संपते."

"सरी, ठीक आहे, मग हलकी बनवू या," असं म्हणून तिनं त्याचा ड्रोन पुढ्यात ओढला आणि माप घ्यायला लागली.