आंब्याच्या वासाचा डबा

रिनाले पाह्यलं तर तुम्ही म्हणाल, ही काय कुस्ती खेळणार! अंग बारीक, मान खाली, हासताना तोंडावर हात. चंद्रपूरच्या आखाड्यात ती पयल्या दिवशी आली तेव्हा मी पण तेच म्हणलं होतं. मी मयुरी, घुग्घुसची. बाप कोळशाच्या खाणीत, घर रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या आवाजावरून ओरडून बोलायची लहानपणापासूनची सवय. रिनापेक्षा मी अंगानं चांगली दीडपट. त्या पोरीनं मले उचललं, आपटलं, आन् हात धरून उठवताना इचारलं, "जेवली का?" तेव्हापासून मी तिची सरावाची जोडीदार. म्हणजे आपटायचं पोतं, दुसरं काय.

ती हेमलकशाच्याही आत, नाल्यापलीकडच्या गावची. माडिया. पावसाळ्यात नाला भरला का गाव तिकडं आन् दुनिया इकडं. शाळेच्या खेळात कोणाच्या तरी नजरेत भरली आन् इथं वसतिगृहात आली. अंगाचं म्हणाल तर ही पोरगी थकतच नाई. आम्ही सगळ्या मॅटवर जीभ बाहेर काढून पडलो असलो का ही झाडू घेऊन हॉल झाडून राह्यलेली असायची. थकायचं ते तिचं डोकं.

हसू नका, खरं सांगते. कुस्तीत एका दिवशी तीन-तीन, चार-चार लढती. पयलीत रिना वाघीण. दुसरीत बी ठीक. तिसरीपासून तिच्या डोळ्यांत धुकं. गुण किती झाले, वेळ किती उरली, काई ध्यानात राहात नाई. मागच्या वर्षीची निवड चाचणी, फायनल. ही पुढं होती. वेळ बाकी होता. आन् हिनं पकड सोडली, चालत गेली आन् पंचाले हात मिळवला. पंच बिचारा घाबरून हात मागं घेऊन राह्यला, तेवढ्यात त्या दुसरीनं मागून हिले धरून चित केलं. सगळं स्टेडियम हासलं. मी त्या दिवशी बसून रडली, आन् दुसऱ्या दिवशी आठवून एवढी हासली का पोट दुखलं. रिनाले इचारलं तर म्हणे, "मले वाटलं, संपली."

या वर्षी तिची शेवटची संधी होती. वयोगट संपत होता. निवड झाली तर राज्याचा संघ आन् वसतिगृहातली जागा. नाई झाली तर पेटी उचलायची आन् नाल्यापलीकडं.

आता आमचे राजदीप सर. सर वडशाचे. हिवाळ्यात तिथं नाटक कंपन्यांचा बाजार भरते, तर सरांनी पण जवानीत झाडीपट्टीच्या नाटकात हिरोचं काम केलेलं. त्यामुळं माणूस साधी गोष्ट साधी सांगूच शकत नाई. एक दिवस मॅटच्या मधोमध उभे राह्यले आन् अमिनो ॲसिड समजावलं. म्हणे, आपण लढत राह्यलो का रक्तातला ट्रिप्टोफॅन नावाचा व्हिलन डोक्याच्या दरवाज्याकडं निघते. आत घुसला का सुस्ती. मग सरांनी आम्हा तिघींना दारात उभं केलं. आम्ही म्हणजे ल्यूसिन, आयसोल्यूसिन आन् व्हॅलिन, तीन भाऊ. व्हिलनला आत जाऊ द्यायचं नाई. सर स्वतः व्हिलन झाले, मिशीवर हात फिरवत आले, आन् मी त्याईले असं ढकललं का सर भिंतीले जाऊन टेकले. सर खुश. म्हणे, बस, या तीन भावाईची पावडर मिळते, ती हेच काम करते. कुस्ती-तायक्वांदोच्या खेळाडूंवर अभ्यास झाले, काहीत फायदा दिसला, काहीत नाई, खात्री कोणीच देत नाई. पण बंदीच्या यादीत नाई, डॉक्टरले दाखवली, करून पाहू. रिनाले आंबा जीव का प्राण म्हणून डबा आणला आंब्याच्या चवीचा. डब्यावर हा मोठा पिवळाधम्मक आंबा.

सरांची चूक झाली ती इथंच. बिचाऱ्याले काय ठाऊक!

चाचणीच्या आधी रिनाले घरी जायचं होतं. गावात आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या आंब्याचा सण होता, आन् तो तिनं आजवर चुकवला नव्हता. सरांनी सोडलं, पण मले सोबत धाडलं. मले ताकीद, सराव चुकायचा नाई आन् पावडर चुकायची नाई. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा. मी डबा पोटाशी धरून एसटीत बसली. कंडक्टरनं इचारलं, बाळ आहे का? मी म्हणलं, बाळापेक्षा जास्त आहे.

गावात गेलो. रिनाची आजी मंगली, तिनं आमचे पाय धुवायले पाणी दिलं. रिनाचा आजा कोलू, तो गावचा गायता. गायता म्हणजे देवाचं पाहणारा, आन् नवं पीक, नवं फळ कधी खायचं ते सांगणारा. पंडुम झाल्याबिगर गावात आंबा कोणी तोंडी लावत नाई. झाडाखाली पडलेला बी नाई. मी संध्याकाळी पाण्यात पावडर घोळली आन् रिनापुढं धरली. कोलूआजानं डबा उचलला. आंब्यावर बोट ठेवलं. मग झाकण उघडून वास घेतला, आन् रिनाकडं पाह्यलं.

रिनानं गिलास खाली ठेवला.

आता माझं डोकं फिरलं. मी सांगून राह्यली का आजा, याच्यात आंबा नाई. नावालेबी नाई. कारखान्यात बनलेलं आहे. रिना माडियात सांगून राह्यली, आजा ऐकून राह्यला, मान हलवून राह्यला. मग त्यानं एकच इचारलं, वास कशाचा आहे? मी म्हणलं, आंब्याचा. झालं, खटला संपला. मी रात्रभर, नाई, जेवणापर्यंतच, जेवण लय चांगलं होतं, तोंड फुगवून बसली.

दुसऱ्या दिवशी रिनाले नाल्याकाठी गाठलं आन् चांगलं झापलं. म्हणलं, अव बाई, तुले कळते का, घरी बसशील जन्मभर, एक चमचा पिऊन घे गुपचूप, मी कोणाले सांगत नाई. ती हासली, तोंडावर हात ठेवून. मग सांगतलं का लहानपणी तिनं एकदा झाडावर चढून पंडुमाच्या आधी आंबा खाल्ला होता. वरून पिवळा, आत आंबट ढाण. दात आंबले ते आंबलेच.

"पिकलं वाटते, पण पिकलं नसते," रिना म्हणाली. "ज्याले खायचं असते त्याले समजत नाई. म्हणून सांगनारा दुसरा लागते."

मी म्हणलं, तुझं तत्त्वज्ञान घाल चुलीत. आन् मग आम्ही रेतीत सराव केला. रागात मी तिले तीनदा आपटलं. चौथ्यांदा तिनं मले नाल्यात टाकलं.

पंडुमाचा दिवस आला. मले वाटलं, चला, आता तरी डबा मोकळा झाला. देवापुढं आंबे ठेवले, बाजूला माझा डबा. कोलूआजानं सगळ्याईचं नाव घेतलं, पूर्वजांचं घेतलं, आन् रिनाच्या सांगण्यावरून राजदीप सरांचं बी घेतलं. मग हात वर करून तो माडियात दोन शब्द बोलला, तेव्हा कुठं आंबे वाटले. आन् मग डबा वाटायले निघाला! नवं आलेलं एकट्यानं खायचं नाई, घराघरानं चाखायचं. मी मधात आडवी आली. मले कोणी भाव देईना. मंगलीआजीनं मोठ्या गंजात पाणी घेतलं आन् डबा त्याच्यात उलटा केला. अख्खा. ल्यूसिन गेला, आयसोल्यूसिन गेला, व्हॅलिन गेला. तिन्ही भाऊ एका गंजात.

पानाच्या द्रोणात सगळ्याईले दिलं. तोंडं पाहायची होती तुम्ही! वास आंब्याचा आन् चव औषधाची. म्हाताऱ्या थू थू करून राह्यल्या आन् परत द्रोण पुढं करून राह्यल्या, कारण पंडुमाचं नाई म्हणता येत नाई. दसरू म्हणून एक म्हातारा, तो तीन द्रोण प्याला. मग उठला, ढोल घेतला आन् म्हणे, डोकं उघडलं, डोकं उघडलं! त्याले लहानपणच्या बैलाचं नाव आठवलं. मी त्याले सांगून राह्यली का काका, असं होत नाई, हे कुस्तीवाल्यांसाठी आहे, आन् एवढ्या लवकर तर नाईच होत. पण तो बैलाचं नाव घेऊन नाचून राह्यला, त्याच्या मागं गाव नाचून राह्यलं, रेला नाच सुरू झाला आन् कोणीतरी माझाच हात धरला. काय करता? मी बी नाचली. रागारागानं नाचली, पण लय नाचली. रिनाच्या वाट्याले एक द्रोण आला. डब्यात मंगलीआजीनं मिरच्या भरल्या.

परत चंद्रपूरले आलो ते चाचणीच्या सकाळी, आन् एकट्या नाई. कोलूआजा, मंगलीआजी, दसरू, आणखी भरलेली एक जीप. त्याईचं म्हणणं साधं होतं. सगळ्याईनं मिळून प्याले, तर कुस्ती एकट्या रिनाची कशी? उन्हानं डांबर वितळून राह्यलेलं, स्टेडियमात पंखे गरम हवा फेकून राह्यलेले. सरांनी इचारलं, पावडर घेतली ना बरोबर? मी म्हणलं, सर, गावानं घेतली. सरांनी खुर्ची ओढली आन् बसले.

पयली लढत जिंकली. दुसरी जिंकली. दरवर्षी या मधल्या वेळात मी आन् सर रिनाच्या डोक्यावर बसायचो. मोबाईलवर पुढच्या पोरीचे व्हिडिओ, हा डाव पाह्य, तो डाव पाह्य, असं करू नको, तसं कर. या वर्षी जागाच नाई! मंगलीआजीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, बाया भोवती बसल्या, दसरूनं बैलाची गोष्ट पुन्हा काढली. मी मोबाईल घेऊन बाहेरून उड्या मारून राह्यली आन् मधात रिना झोपली. घोरली! मी सरांना म्हणलं, सर, बरबाद झालो. सर म्हणे, झोपू दे मयुरी, आता व्हिलन येते का हिरो, पाहू. तिसरी बी जिंकली.

फायनलले तीच, मागच्या वर्षीची पोरगी. मॅटवर जाताना रिना वळली आन् म्हणाली, "पिकलं का नाई, ते आज आजा सांगन."

मले काई समजलं नाई.

लढत चालली. गुण बरोबरीत, मग त्या पोरीचे जास्त, मग रिनाचे एकानं जास्त. रिनानं तिचे दोन्ही पाय कवळून तिले खाली दाबलं. आन् मले तिच्या डोळ्यांत तेच धुकं दिसलं. तेच, मागच्या वर्षीचं. मी ओरडली, सोडू नको. आवाज घुग्घुसपर्यंत गेला असंल. तिनं माझ्याकडं पाह्यलंच नाई. ती वर, बाकावर पाहून राह्यली होती.

शिट्टी वाजली. पंचानं हात वर केला. रिना सोडेना. पंचानं पाठीवर थाप मारली, "सोड व बाई, झालं, जिंकली तू." खालची पोरगी बी म्हणून राह्यली, ताई, सोड ना. सर मॅटवर धावले. रिना तशीच, दोन्ही पाय कवळून, मान वर करून.

अख्खं स्टेडियम वळून बाकाकडं पाहायले लागलं. तिथं कोलूआजा तळहातावर तंबाखू मळून राह्यला होता. आरामात मळला. चिमूट ओठात धरली. हात झटकले. मग त्याले दिसलं का सगळी दुनिया आपल्याकडं पाहून राह्यली आहे, आन् तिच्यात आपली नात बी आहे. तो उठला. पंचाकडं पाह्यलं, पाटीवरचे दिवे पाह्यले, मंगलीआजीले काहीतरी इचारून घेतलं. मी तोवर रडत होती आन् हासत होती, दोन्ही सोबतच, काई लाज नाई.

मग त्यानं हात वर केला, आन् माडियात दोन शब्द बोलला. मले माडिया येत नाई. पण तेवढे दोन शब्द मी पंडुमात ऐकले होते.

"आता खा."

रिनानं पकड सोडली.