शांतीबाई कोर्टात बोलल्या

शांतीबाई पटले बारा वर्षं सासरी नांदल्या, पण थोरल्या दिरासमोर त्यांनी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. पोवारांच्या घरात तशी रीतच होती. दीर ओसरीवर आले की सुनेनं पदर ओढून आत व्हायचं. दीर बिसनलाल हे सालेकशाकडच्या एका गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. शांतीबाईंचा नवरा चैतराम तापानं गेला, तेव्हापासून कुंताबद्दलही त्यांचाच शब्द चाले. कुंता ही शांतीबाईंची एकुलती एक लेक.

१९३० साली संक्रांतीला शांतीबाई कुंताला सासरी आजीजवळ ठेवून भावाकडे नागऱ्याला आल्या होत्या, तोच सासरचा माणूस निरोप घेऊन आला. कुंताचं लग्न ठरलं, फाल्गुनात उरकायचं. पोर अकरा वर्षांची! चौदाच्या आतल्या मुलींच्या लग्नाला बंदी घालणारा कायदा एप्रिलपासून लागू होणार होता, म्हणून गावोगाव अशी घाई उडाली होती. निरोपाचा शेवट असा होता : "पोरगी आमच्या कुळाची हाय. तुम्ही माहेरीच राहा."

"मालगुजाराशी भांडून आपला निभाव लागंल का, बाई?" भाऊ मुन्नालाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शांतीबाई पायी गोंदियाला गेल्या. मुन्नालालची मुलगी तिथल्या शाळेत सुलोचनाबाई मास्तरणींकडे शिकत होती, तेवढीच ओळख.

मास्तरणींनी सगळं ऐकून घेतलं आणि एका जुन्या मासिकातलं पान वाचून दाखवलं. दूर जिनिव्हा नावाच्या शहरात पुष्कळ देशांनी मिळून लेकरांसाठी पाच कलमं मान्य केली होती. भुकेल्या लेकराला अन्न मिळावं, आजाऱ्याची सेवा व्हावी, संकटात मदतीचा पहिला मान लेकराचा, त्याला कुणी राबवून घेऊ नये, असं बरंच काही.

"यात आईचं नाव कुठं हाय?" शांतीबाईंनी विचारलं.

"आईचं नाही, काकाचंही नाही. लेकराचं आहे."

शांतीबाई म्हणाल्या, "हा कागद कोर्टात चालंल?"

"नाही. तो नुसता देशादेशांनी दिलेला शब्द. पण आपल्याकडे पालकत्वाचा कायदा आहे. केशोराव वकिलांना भेटा."

परतीच्या वाटेवर त्यांना एकच गोष्ट टोचत राहिली. 'माही पोरगी, माही पोरगी' म्हणत आपणही रात्रभर रडलो, पण पोरीला काय पाहिजे हे आपल्याही मनात आलं नाही.

केशोरावांनी भंडाऱ्याच्या कोर्टात अर्ज लावला. जज्जांनी निकालापर्यंत लग्न थांबवलं आणि मुलीला हजर करायला सांगितलं. तारखेला दिरांचे वकील ठासून बोलले : कन्यादानाचा हक्क बापाच्या कुळाचा, आणि ही विधवा बाई तर भावाच्या आश्रयाला.

जज्जांनी शांतीबाईंना बोलायला सांगितलं. दीर चार हातांवर उभे. सवयीनं त्यांचा हात पदराकडे गेला आणि मध्येच थांबला.

"साहेब, पोरगी कोणाची हे मी कायले सांगू? हे म्हणून राहिले आमची, मी म्हणून राहिली माही. तिले काय पाहिजे ते तिलेच इचारा. काकाकडं राहतो म्हणंल, तर मी एकटी वापस जाईन."

हे त्यांना कुणी पढवलेलं नव्हतं. केशोरावांनी लिहून आणलेला जबाब त्यांच्या हातात तसाच राहिला.

जज्जांनी कुंताला आपल्या खोलीत नेऊन विचारलं. पोरगी न अडखळता म्हणाली, "आईजवळ राहायचं. चौथी शिकायची. अन् दिवाळीले काकाकडं जायचं, तिथं माही आजी हाय." जज्जांनी पालकत्व आईकडे दिलं आणि दिवाळीही निकालात लिहिली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बिसनलाल कुणाकडे न पाहता निघून गेले. पण दिवाळीला त्यांची बैलगाडी नागऱ्याला वेळेवर आली, आणि पुढेही दरवर्षी येत राहिली.

खरी परीक्षा सात-आठ वर्षांनी झाली. शांतीबाईंनी बालाघाटकडचं चांगलं शेतीवाडीचं स्थळ पाहून ठेवलं होतं, आणि कुंता म्हणाली, "मले नागपूरले नर्सिंग शिकायचं हाय."

"आई हायस तू. हुकूम कर!" मुन्नालाल चिडून म्हणाला.

शांतीबाई दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला नागपूरला बरोबर द्यायला तिळाचे लाडू वळायला घेतले, आणि स्थळाकडे नकार कळवला. गोंदियाच्या स्टेशनवर शेजारीण मंदाबाईनं खवचटपणे विचारलं, "पोरीले एकटी धाडून राहिली का?"

"मी नाही धाडून राहिली," शांतीबाई म्हणाल्या, "ते जाऊन राहिली."

कुंता शिकून आली आणि गोंदियाच्या दवाखान्यात लागली. आसपासच्या गावांतली बाळंतपणं तिच्या हातून होऊ लागली. सत्तेचाळीस साली आमगावच्या एका बाळंतिणीनं पोस्टकार्ड धाडलं. पत्ता एवढाच : नर्सबाईची आई, नागरा. शांतीबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्या ते कार्ड घेऊन घरोघरी फिरल्या आणि प्रत्येकाकडून पत्ता तेवढा मोठ्यानं वाचून घेतला.