काजूखालची रेंज

आमच्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतात. देवाने दिला तर परत यायचं, नाही दिला तर आणखी बाहेर राहायचं. बाकीच्यांना ही मोठी मौज वाटते. मला त्या वर्षी नुसता संताप आला होता.

मी पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून मी घरून काम करायची परवानगी मिळवली आणि खटपट करून घरात वायरचं नेट घेतलं. दोन वर्षं बरी चालली होती. मग आमच्या बसतिकिटांच्या ॲपमध्ये एक दोष निघाला. प्रवाशाने एक जागा मागितली की कधीकधी दोन राखल्या जायच्या, आणि तिसराच कुणीतरी जागेवाचून राहायचा. तक्रारी रोज येत होत्या. ऑफिसात करून बघितलं तर सगळं सुरळीत, मी घरून करून बघितलं तरी सुरळीत. तीन आठवडे मी त्या दोषाच्या मागे होते.

गाव रिकामा व्हायच्या आदल्या दिवशी मॅनेजरबाईंचा फोन आला. "सोमवारी सकाळपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर तू इथेच राहायला ये. गावच्या नेटवर असली कामं होत नाहीत." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे नाचता मला येत नव्हतं आणि अंगणाला नावं त्या ठेवत होत्या. फोन मी पडवीत घेतला होता. आई आत तांदूळ निवडत होती.

शुक्रवारी आम्ही वेशीबाहेर सड्याजवळ, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाजवळ, झावळ्यांच्या खोपीत गेलो. आईने सामानात एक भली जड पिशवी घेतली होती. ती उचलताना माझा खांदा भरून आला.

"आई गो, ह्या पिशयेत काय भरलंस? दगड?"

"आसांदे. लागता कधीतरी."

मी वरवर डोकावले. कुळथाचं पीठ, सोलं, सुका जवळा. "तीन दिवसांक दोन किलो पीठ?" मी खेकसले. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि खोपीच्या कुडाला टेकवून ठेवली.

खोपीत रेंज नव्हती. सड्याच्या कडेला एक जुनं काजूचं झाड आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की मोबाइलवर एक काडी यायची आणि जायची. पहिला दिवस मी तिथे नेटवरची उत्तरं शोधण्यात घालवला. पान अर्धं उघडायचं आणि अडायचं.

माझी कामाची रीतच तशी होती. फ्रेमवर्क म्हणजे आयतं जोतं. जगभरच्या लोकांनी फुकट बांधून ठेवलेलं, त्यावर आपण आपल्या भिंती उभ्या करायच्या. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, कुणालाही वाचायला मोकळा असतो. पण मी तो कधी वाचला नव्हता. पहिल्या नोकरीत एका वरिष्ठाने सांगितलं होतं, "त्याला हात लावायचा नाही, मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय," आणि मी ते मुकाट्याने मानलं. अडलं की नेटवर विचारायचं, चार उत्तरं यायची, त्यातलं जमेल ते उचलायचं. आठ वर्षं मी अशी दुसऱ्यांच्या ओंजळीने पाणी प्यायले.

संध्याकाळी मी आईला म्हणाले, "घर धा मिनटांवर आसा. नेटवरचा काम करून येतंय. कोणाक कळाचा नाय."

"कळाचा नाय ता खरा," ती चुलीत लाकूड सारत म्हणाली. "पण तू जातलंस काय?"

माझा देवावर फारसा विश्वास नाही. तरी मी गेले नाही. का गेले नाही, ते मला आजही धड सांगता येणार नाही. त्या वेळी मात्र आईचाच राग आला होता, तिने सरळ नको म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

शनिवारी सकाळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून काजूखाली बसून लॅपटॉपवरचं ते फ्रेमवर्क उघडलं. त्याचा सगळा सोर्स कोड पहिल्यापासून तिथेच पडून होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. स्वतःच्या घरात शिरायची बंदी आणि हे परक्यांचं घर सताड उघडं.

मला वाटलं होतं, आत सगळं चोख असेल. तसं नव्हतं. एकाने लिहून ठेवलं होतं, "हे का चालतं ते कळत नाही, पण काढू नका." दुसऱ्याने लिहिलं होतं, "आज थकलोय, उद्या नीट करतो." तो उद्या कधी उगवलाच नव्हता. मी एकटीच मोठ्याने हसले. आठ वर्षं ज्यांना घाबरले ती माझ्यासारखीच माणसं होती. मला एकदम हलकं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

वाचता वाचता मी मोबाइलवरून ॲपमध्ये एक जागा राखून बघितली. मधेच काडी गेली, पुन्हा आली. दोन जागा. पुन्हा केलं, पुन्हा दोन. तीन आठवडे जे दिसलं नव्हतं ते काजूखाली तासाभरात पाच वेळा दिसलं. ऑफिसातलं नेट तुटत नाही, घरातलं तुटू नये म्हणून मीच जिवाचं रान केलं होतं. प्रवासी मात्र स्टँडवर, घाटात, असल्याच एका काडीवर तिकीट काढत असतात.

रविवारी दुपारी कारण सापडलं. उत्तर आलं नाही की फ्रेमवर्क तेच मागणं पुन्हा पाठवायचं. शेजारणीकडे विरजण आणायला एकीला धाडावं, ती लवकर परतली नाही म्हणून दुसरीला धाडावं, आणि दोघींनी एकेक वाटी घेऊन यावं, तसं. कुठलं मागणं पुन्हा पाठवायचं नाही हे तपासणाऱ्या चार ओळी तिथे होत्या, पण त्या पाठवून झाल्यावर येत होत्या. मी त्या वर उचलून ठेवल्या. पन्नास वेळा करून बघितलं, पन्नासही वेळा एकच जागा. तेवढा बदल एका काडीवरून जाण्याइतका लहान होता. तो मी मॅनेजरबाईंना पाठवला आणि फ्रेमवर्कच्या लोकांनाही.

सोमवारी सकाळी काजूखाली दोन निरोप आले होते. फ्रेमवर्कवाल्या कुण्या अनोळखी माणसाने विचारलं होतं, "आम्ही खूप दिवस शोधतोय. तुम्हाला हे दिसलं कसं?" मॅनेजरबाईंनी लिहिलं होतं, "झालं! हे ऑफिसात कधीच सापडलं नसतं. तू तिथेच राहा, बाई." थोड्या वेळाने देवाने कौल दिल्याची वर्दी आली आणि सगळीकडे बांधाबांध सुरू झाली.

"आई, माका आता पुण्याक जावक नको," मी म्हणाले.

"बरा झाला," ती म्हणाली आणि गाठोडं बांधत राहिली.

घरी आल्यावर तिने दिवा लावला आणि ती जड पिशवी घेऊन स्वयंपाकघरात बसली. पीठ परत डब्यात ओतलं. सोलं, जवळा बाहेर काढला. सर्वांत खाली माझे दोन ऑफिसचे ड्रेस होते, इस्त्री करून घडी घातलेले, आणि त्यांत गुंडाळलेलं माझं ऑफिसचं ओळखपत्र.

"ह्या कित्या घेतलंस?" मी विचारलं.

"आज कौल नाय मिळालो असतो तर? घर बंद. तुझा सगळा हयच अडाकला असता. म्हटलंय, ह्या सगळा घेव्न थंयसूनच नांदगावच्या तिठ्यार जाव्न पुण्याची गाडी धरतलंस."

म्हणजे पडवीतला तो फोन तिने ऐकला होता. तीन दिवस मी परक्यांनी काय काय लिहून ठेवलंय ते ओळ न् ओळ वाचत होते, आणि ही पिशवी माझ्या उशाशी होती. ऱ्हव, म्हणजे राहा, एवढा एक शब्द ती म्हणाली नव्हती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मला रडू आलं.

तिने ड्रेस माझ्या मांडीवर ठेवले. डब्याचं झाकण लावता लावता थांबली आणि मूठभर पीठ परत बाहेर काढलं.

"पिठी करतंय," ती म्हणाली. "तू भात घाल."